फोन गाडीला जोडला... पण सोडवला का?

दसरा-दिवाळीला, नाहीतर पाडव्याला आपल्या यवतमाळच्या कुठल्याही कॉलनीत एक चक्कर मारून बघा. एखाद्या तरी दारात नवी गाडी उभी असते. झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. औक्षण झालं, पेढे वाटून झाले की घरातली तरुण मंडळी गाडीत घुसतात आणि पहिला प्रश्न येतो, "फोन जोडला का?" पूर्वी नव्या गाडीत टेप कोणता बसवायचा यावर चर्चा व्हायची. आता समोर लहानशा टीव्हीएवढा पडदाच असतो. त्याला फोन जोडला की गाणी गाडीत वाजतात, फोन गाडीत बोलतो, कोणाचा फोन आला त्याचं नाव पडद्यावर झळकतं. हे सगळं तारेशिवाय घडवून आणतं ते 'ब्लूटूथ'.

आणि मग सुरू होतो गोंधळ! फोनला गाडी दिसत नाही. दिसली तर जुळत नाही. जुळली तर गाणी वाजतात, पण फोन आला की आवाजच नाही. मग शोरूमला विचारा, भाच्याला विचारा, शेजारच्या इंजिनिअर मुलाला बोलवा. या सगळ्या गडबडीत घरातली बाई कुठे असते? बहुतेक वेळा मागच्या सीटवर, पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन. "मला नाही बाई त्यातलं कळत" असं म्हणून आपण मोकळ्या होतो.

मैत्रिणींनो, आज मला याच वाक्याबद्दल बोलायचं आहे. कारण त्या पडद्याला नुसती गाणी जोडलेली नसतात. आपली फोनमधली सगळी नावं, आपले आलेले-गेलेले फोन आणि आपलं बोलणं त्याला जोडलेलं असतं. जोडणी नीट होत नाही ही एक अडचण. पण जोडणी झाली आणि नको तिथे तशीच राहून गेली, ही त्याहून मोठी अडचण. गंमत म्हणजे दोन्हींचं कारण एकच आहे. ते एकदा समजून घेतलं, तर भाच्याला बोलवायची गरज नाही आणि नंतर पस्तवायची पाळीही नाही.

आधी हे ब्लूटूथ आहे तरी काय, ते पाहू. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड ब्लूटूथ नावाचा राजा होऊन गेला. विखुरलेल्या लोकांना एकत्र आणणारा राजा म्हणून त्याची ख्याती. १९९८ साली एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी वेगवेगळ्या यंत्रांनी एकमेकांशी बोलावं म्हणून संघ स्थापन केला, तेव्हा त्या राजाचं नाव या तंत्राला मिळालं. ही रेडिओचीच लहर, पण अगदी जवळची. साधारण दहा मीटरपर्यंत पोहोचणारी. म्हणजे आपल्या अंगणातून ओसरीपर्यंत!

आता इतक्या जवळ दहा फोन असले, तर गाडीने कोणाचं ऐकायचं? म्हणून पहिल्या भेटीत फोन आणि गाडी एकमेकांना एक गुप्त किल्ली देतात. दोन्हीकडे सहा आकडे दिसतात. ते सारखे आहेत असं आपण पाहून 'हो' म्हणायचं. जुन्या गाड्यांत चार आकडे टाकावे लागतात, बहुधा चार शून्य किंवा एक-दोन-तीन-चार. एकदा ही ओळख झाली की किल्ली दोघांजवळ जपून ठेवली जाते. दुसऱ्या दिवसापासून गाडी सुरू केली की विचारपूस नाही, परवानगी नाही, जोडणी आपोआप. अगदी जुन्या ओळखीच्या माणसाने दार न वाजवता घरात यावं तशी.

सगळी मेख इथेच आहे. ही किल्ली दोन ठिकाणी असते. एकीकडची गेली आणि दुसरीकडची राहिली की भानगड सुरू. समजा मुलाने फोन साफ करून नव्याने सुरू केला. फोनजवळची किल्ली गेली. गाडी मात्र जुन्याच किल्लीची वाट पाहत बसते. फोन म्हणतो, मी नवा. गाडी म्हणते, मी तुला ओळखते पण तुझी किल्ली चुकीची. पडद्यावर येतं, 'जोडणी होऊ शकली नाही'. आपण पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत राहतो आणि उत्तर तेच येत राहतं.

म्हणून पहिला आणि सर्वांत कामाचा उपाय हा, की जुनी ओळख दोन्हीकडून पुसायची. फोनच्या ब्लूटूथच्या यादीत गाडीचं नाव शोधून 'विसरा' किंवा 'फरगेट' करायचं. मग गाडीच्या पडद्यावर फोनच्या यादीत जाऊन आपल्या फोनचं नाव 'डिलीट' करायचं. नुसतं एकीकडून पुसून चालत नाही. त्यानंतर फोन बंद करून सुरू करा. गाडीही बंद करून, दार उघडून, चार-पाच मिनिटं थांबा. कारण किल्ली फिरवली तरी गाडीचा पडदा लगेच पूर्ण झोपत नाही. मग पहिल्यांदा भेटल्यासारखं नव्याने जोडा. निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात, हा आमच्या बचत गटातल्या बायांचा अनुभव आहे.

तरी जमलं नाही, तर पुढच्या गोष्टी एकेक करून पाहायच्या. गाडी उभी आहे का? पुष्कळ गाड्या चालत्या स्थितीत नवा फोन जोडूच देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. फोनवर ब्लूटूथचं पान उघडं आहे का? बऱ्याच फोनमध्ये ते पान समोर असेपर्यंतच फोन दुसऱ्यांना दिसतो. गाडीची यादी भरली आहे का? गाडी ठरावीकच फोन लक्षात ठेवते. नवरा, दीर, मुलगा, ड्रायव्हर, त्याचा मित्र असं करत यादी भरली की नव्या फोनला जागा नसते. अशा वेळी जुनी नावं काढावी लागतात. फोन 'बॅटरी बचत'वर आहे का? तेव्हाही तो मधूनच जोडणी सोडतो. आणि घरातला दुसरा फोन आधीच गाडीशी बोलून तर राहिला नाही ना? हे फार वेळा घडतं. बाहेर निघायच्या वेळी मुलगा अंगणात उभा असतो, त्याचा फोन त्याच्या खिशातूनच गाडीला जाऊन चिकटतो, आणि आपण आपल्या फोनला दोष देतो.

एकाच कंपनीचे दोन सारखे फोन घरात असले, तर पडद्यावर दोन सारखी नावं दिसतात. आपल्या फोनचं ब्लूटूथचं नाव बदलून घ्यावं. पण पूर्ण नाव-आडनाव टाकू नये. बसस्टँडवर, दवाखान्यात, शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या फोनवरही ते नाव दिसू शकतं. एखादं साधं, आपल्यालाच कळेल असं नाव ठेवलं की झालं.

आता त्या अर्धवट जोडणीचं. गाणी वाजतात पण बोलणं ऐकू येत नाही, किंवा बोलणं होतं पण नावाऐवजी नुसता नंबर दिसतो. याचं कारण असं, की ब्लूटूथ म्हणजे एकच दोरी नसते. बोलण्याची वाट वेगळी, गाण्यांची वेगळी, फोनमधल्या नावांची वेगळी आणि निरोपांची वेगळी. फोनच्या यादीत गाडीच्या नावापुढे एक छोटं चक्र किंवा खूण असते. ती दाबली की 'फोन कॉल', 'मीडिया', 'संपर्क' अशी वेगवेगळी बटणं दिसतात. ज्याची गरज आहे ते चालू करायचं. ज्याची गरज नाही ते बंद ठेवायचं.

मैत्रिणींनो, या शेवटच्या वाक्यापाशी जरा थांबा. कारण 'संपर्क' हे बटण बंद ठेवता येतं, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? पहिल्या जोडणीच्या वेळी फोन विचारतो, "संपर्क आणि कॉलची नोंद गाडीला देऊ का?" घाईघाईत बोट 'हो'वर पडतं. तेवढ्यात फोनमधली सगळी नावं गाडीच्या पोटात जातात. काही गाड्यांत फोन दूर गेला की ती दिसेनाशी होतात. काही गाड्यांत ती तिथेच साठून राहतात, फोन घरी असला तरी.

यात काय बिघडलं, असं वाटेल. माझ्यासारखीला विचारा. समाजकार्य करणाऱ्या बाईच्या फोनमध्ये नावं कशी असतात? 'घाटंजीची ताई, कोर्ट', 'आर्णी, नवरा मारतो', 'वणी, मुलीची पोलीस केस'. शंभर फोन येतात, नावं सारखी असतात, म्हणून ओळख पटावी यासाठी असं लिहून ठेवावं लागतं. हेच आमच्या आशा ताईंचं, अंगणवाडी सेविकांचं. २०२१ सालापासून 'पोषण ट्रॅकर' आल्यावर सेविकेचं अर्धं काम फोनवरच आहे. गरोदर बाया, कुपोषित बाळांच्या आया, टीबीचे रुग्ण यांचे नंबर या बायांच्या फोनमध्ये असतात. ती माहिती त्यांची स्वतःची नाही, विश्वासाने सोपवलेली आहे. असा फोन शिबिराला जाताना किरायाच्या गाडीला जोडला, तर त्या सगळ्या बायांची नावं कोणाच्या तरी गाडीत राहून गेली की नाही?

माझ्या ओळखीच्या एका कार्यकर्तीची गोष्ट सांगते. गाव सांगत नाही. ती घरच्यांसोबत लग्नाला निघाली होती. गाडी दिराची, पण मागे कधीतरी तिचा फोन त्या गाडीला जोडलेला. वाटेत एका पीडित बाईचा फोन आला. हिने नेहमीप्रमाणे फोन उचलून कानाला लावला. आवाज मात्र गाडीच्या चारही स्पीकरमधून निघाला! ती बाई रडत रडत सांगत होती, घरात काय घडलं ते. गाडीत सात माणसं. त्यातला एक जण त्या बाईच्या सासरच्या गावचा. फोन कापायला कितीसा वेळ लागतो? पाच-सात सेकंद. पण तेवढ्यात जे कळायचं ते कळलं होतं. पुढे त्या बाईला माहेरी आणून ठेवावं लागलं.

यात दोष त्या कार्यकर्तीचा नव्हे. तिला ही गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती. शोरूममधला माणूस गाणी कशी लावायची ते दाखवतो. फोन गाडीतून सोडवायचा कसा, हे दाखवण्याची आपल्याकडे पद्धतच नाही.

आणि हा प्रश्न फक्त आपल्याच जिल्ह्याचा आहे असंही नाही. अमेरिकेत ग्राहकांचं हित पाहणाऱ्या 'फेडरल ट्रेड कमिशन' या सरकारी आयोगाने २०१६ सालीच लोकांना सावध केलं होतं, की किरायाच्या गाडीला फोन जोडला तर तुमची नावं, कॉलची नोंद, कुठे कुठे गेलात ते ठिकाण गाडीत राहू शकतं. गाडी परत करण्याआधी ते पुसा. २०२३ साली 'मोझिला फाउंडेशन' या संस्थेने मोटारींच्या २५ ब्रँडची तपासणी केली. ग्राहकाची खासगी माहिती किती जपली जाते, एवढाच प्रश्न होता. निकाल काय लागला? पंचवीसच्या पंचवीस नापास! आधी गाडी आपल्याला फक्त नेत-आणत होती. आता ती आपल्याबद्दल लक्षातही ठेवू लागली आहे.

मग आपला कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर २०२३ च्या ऑगस्टमध्ये व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. कंपनीने तुमची माहिती घेताना संमती घ्यावी, ती का घेतली ते सांगावं, काम झालं की पुसावी, असं हा कायदा सांगतो. चांगलीच गोष्ट आहे.

पण बायांच्या दृष्टीने यात एक मोठी फट आहे. एखाद्या व्यक्तीने आपल्या घरगुती कारणासाठी माहिती वापरली, तर तिथे हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे कंपनीने तुमची नावं घेतली तर कायदा आहे. पण नवऱ्याने, दिराने, सासऱ्याने गाडीच्या पडद्यावर तुमचे आलेले-गेलेले फोन वाचले, तर या कायद्याचा उपयोग नाही. कायदा करणाऱ्यांचंही एका अर्थी बरोबर आहे. घरातल्या प्रत्येक गोष्टीत सरकार कसं शिरणार? पण ज्या घरात बाईच्या फोनवर पाळत असते, तिथे धोका बाहेरच्या कंपनीपेक्षा घरातूनच जास्त असतो, हे आम्ही रोज पाहतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा अशा बाईच्या मदतीला आहे. पण तिथवर पोहोचण्याआधी तिने केलेला पहिला फोनच गाडीने जाहीर केला, तर?

आणखी एक गोष्ट. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या एका प्रकरणात निकाल दिला, की पती-पत्नीपैकी एकाने दुसऱ्याचं बोलणं गुपचूप रेकॉर्ड केलेलं असलं, तरी ते पुरावा म्हणून न्यायालयात मांडता येईल. या निकालाचा फायदा छळ सोसणाऱ्या बाईलाही होऊ शकतो, म्हणून मी त्याला सरसकट वाईट म्हणणार नाही. पण गाडीच्या काचेजवळ बसवलेला कॅमेरा आठवा. अपघाताचा पुरावा म्हणून हल्ली पुष्कळ जण तो लावतात. त्यातले बरेच कॅमेरे गाडीतलं बोलणंही टिपतात. म्हणजे स्पीकरवर आलेला तुमचा फोन ऐकला जातो आणि जपूनही ठेवला जातो. आपण कुठे काय बोलतो, याचं भान बाईने आता गाडीतही ठेवायला हवं.

एवढं वाचून कोणी म्हणेल, "मग काहून जोडायचा तो फोन? राहू द्या न पर्समध्ये!" तर तसंही नाही. गाडी चालवताना फोन हातात धरणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये ते धोकादायक वाहन चालवण्यात धरलं जातं. पहिल्या वेळी एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. म्हणूनच तर लोक ब्लूटूथकडे वळले. हात मोकळे राहतात, ही त्याची मोठी सोय.

पण हात मोकळे झाले म्हणून लक्ष मोकळं होतं का? जागतिक आरोग्य संघटना सांगते, की गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, आणि हातात न धरता बोललं तरी तो फारसा कमी होत नाही. कारण डोळे रस्त्यावर असले तरी मन बोलणाऱ्याच्या घरी गेलेलं असतं. शेजारी बसलेला माणूस समोर ट्रक दिसला की आपोआप गप्प होतो. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसतच नाही!

आपल्या जिल्ह्याचे रस्ते आठवा. वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरीवरून नागपूर-हैदराबादचा राष्ट्रीय महामार्ग ४४ धावतो. उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, कळंब असा तुळजापूर-नागपूर महामार्ग जातो. वणीकडे कोळशाचे ट्रक. हंगामात कापसाने ओथंबलेल्या गाड्या, रात्री मागचा दिवा नसलेले ट्रॅक्टर आणि जंगलाच्या पट्ट्यात अचानक आडवे येणारे रोही नाहीतर रानडुक्कर. २०२४ साली वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली खरी, पण रात्री-बेरात्री पेशंट घेऊन सेवाग्राम, सावंगी, नागपूर गाठायचं, तर गाडीच काढावी लागते. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. हा सरकारी आकडा आहे. अशा रस्त्यावर पडद्यावरच्या यादीत बोट फिरवत 'जुळत का नाही' म्हणून शोधत बसणं म्हणजे जिवाशी खेळ.

इथे आपणा घरच्या बायांनाही एक काम आहे. गाडी निघाली की आपण दर अर्ध्या तासाने फोन करतो न? "कुठवर आले? जेवले का? येताना कोथिंबीर आणजो." आपल्या काळजीपोटीच करतो. पण पलीकडचा माणूस गाडी चालवत असेल, तर आपली काळजीच त्याच्या काळजीचं कारण होते. फोन लागला की पहिला प्रश्न 'कुठे आहात' असा न करता 'गाडी चालवताय का' असा करावा, आणि उत्तर 'हो' आलं तर 'थांबल्यावर करा' एवढंच म्हणून ठेवून द्यावा. याला पैसे लागत नाहीत, कायदाही लागत नाही.

आता घरोघरी करण्यासारखं थोडक्यात सांगते. जोडणी गाडी उभी असतानाच, निघायच्या दहा मिनिटं आधी करायची. आपला फोन आपणच जोडायचा, दुसऱ्याच्या हाती देऊन "तूच कर" म्हणायचं नाही. 'संपर्क' आणि 'निरोप' मागितले तर विचार करून परवानगी द्यायची. नाही दिली तरी बोलणं होतं, फक्त नाव दिसत नाही. गाडीत असताना फोन आला आणि बोलणं खासगी असलं, तर बोलण्याच्या पानावर आवाज कुठून यावा हे निवडायचं बटण असतं, त्यात 'फोन' निवडायचं. त्याहून सोपं म्हणजे दुसऱ्याच्या गाडीत बसताना ब्लूटूथ बंदच ठेवायचं. मग फोन कानाशीच राहतो.

किरायाची गाडी, पाहुण्यांची गाडी, ऑफिसची गाडी यांना शक्यतो फोन जोडूच नये. गाणी लावायची हौस असली, तर ती ड्रायव्हर दादाच्याच फोनवरून लागू द्यावी. जोडलाच, तर उतरण्याआधी दोन्हीकडून पुसावा. लक्षात ठेवा, आपल्या फोनमधून गाडीचं नाव काढलं म्हणजे गाडीतून आपलं नाव निघालं असं होत नाही. आणि जुनी गाडी विकताना आपण काय काय काढून घेतो? डिक्कीतली पिशवी, समोरचा गणपती, सीटची कव्हरं. त्यासोबत पडद्याच्या 'सेटिंग'मध्ये जाऊन सगळं मूळ स्थितीला आणायचं बटण, 'फॅक्टरी रीसेट', हेही दाबून घ्यावं. नाहीतर गणपती आपल्या घरी येईल आणि आपल्या माहेरच्या सगळ्यांचे नंबर नव्या मालकाच्या घरी जातील.

एक सावधगिरीची गोष्ट खास सांगते. ज्या घरात बाईचा फोन रोज तपासला जातो, तिथे गाडीच्या यादीतून अचानक नाव काढणंही डोळ्यावर येऊ शकतं. त्यावरूनही मारझोड होऊ शकते. अशा बाईने घाई करू नये. शेजारणीच्या किंवा अंगणवाडीतल्या फोनवरून १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलावं, जिवावर बेतलं तर सरळ ११२ लावावा. आणि आपण ज्या मदत करणाऱ्या आहोत, त्यांनी फोन उचलताच आधी विचारावं, "ताई, आता बोलता येईल का? तुमच्याजवळ कोणी आहे का?" स्वतः गाडीत असलो, तर "मी थांबून करते" म्हणावं. नावंही साधी ठेवावीत. 'नवरा मारतो' असं नावापुढे लिहिण्यापेक्षा डायरीतला क्रमांक लिहिला, तर आपलं काम अडत नाही आणि तिचं गुपितही राहतं.

माझी शोरूमवाल्यांनाही एक विनंती आहे. गाडीची चावी देताना फोन जोडायला शिकवता, तसं सोडवायलाही शिकवा, आणि ते गाडी घेणाऱ्या दादासोबत त्याच्या घरच्या बाईलाही शिकवा. हप्ता तिच्याही संसारातून जातो. बचत गटांच्या बैठकीत कर्जाचा हिशोब झाला की पंधरा मिनिटं काढा. कोणाची तरी गाडी अंगणात असेलच. एकेकीने आपला फोन जोडून पाहायचा आणि लगेच पुसून पाहायचा. आमच्या गटात एका साठीच्या मावशीने तिसऱ्या खेपेला हे सगळं न विचारता केलं, आणि मग सुनेला म्हणाली, "आण इकडे तुया फोन, मी दाखवतो."

आपल्या आयांनी दुचाकी शिकायला किती बोलणी खाल्ली, ते आपण विसरलो नाही. नंतर आपण बँकेत जायला शिकलो, एटीएम शिकलो, फोनवरून पैसे पाठवायला शिकलो. दरवेळी सुरुवातीला कोणीतरी म्हणत होतं, "तू राहू दे, तुला नाही जमणार." फोन गाडीला जोडणं हे तर त्या सगळ्यापेक्षा सोपं आहे. सहा आकडे सारखे आहेत का ते पाहायचं, आणि काम झालं की दोन्हीकडून पुसायचं. फोन आपला आहे, त्यातली माणसंही आपली आहेत. तो कुठे जोडायचा आणि कुठून सोडवायचा, हे ठरवणारं बोटही आपलंच असू द्या.